उणे चार

दुपारी तीनला रेडिओवर
डॅन्यूबच्या पाण्याची पातळी सांगतात.
गावाचं नाव, सेंटिमीटर, कालच्यापेक्षा अधिक किंवा उणे.
गाणं नाही, बातमी नाही, नुसते आकडे.
आणि माझा नवरा रडतो.

एकतीस वर्षं त्यानं टग चालवली.
बापाला पुरताना डोळा कोरडा.
पोर कायमचं स्पेनला निघालं तेव्हा
बसच्या टायरमधली हवा तपासत उभा होता.
आता ‘लोम, दोनशे ऐंशी’ ऐकलं
की ओठ वाकतो, खांदे हलतात,
शाळेतून हरवलेल्या पोराचा हुंदका,
आणि ‘सिलिस्त्रा’ येईपर्यंत संपतोही.
मग माझ्याकडे असा बघतो
की कुणी परका येऊन
त्याच्या तोंडानं रडून गेला.

स्तोयांका वारली, दुसऱ्या मजल्यावरची.
उकडलेल्या गव्हाची वाटी हातात घेतली
आणि याला हसू फुटलं.
थांबेना.
तिच्या मुलानं वळून पाहिलं.
मी म्हटलं, आजार आहे, झटक्यानंतरचा.
जिना चढताना पुन्हा म्हटलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.

डाव्या हाताला तो क्रूमचा हात म्हणतो.
क्रूम त्याच्या टगवरचा खलाशी,
बर्फ फुटताना पाण्यात गेला, त्याला वर्षं झाली.
‘काढ ह्याला पांघरुणातून, ओला आहे.’
आधी भांडले मी. अरे तुझाच हात, हा बघ विंचचा व्रण.
‘क्रूमलाही तिथंच लागलं होतं.’
आता रविवारी मी क्रूमची नखं कापते.
थंडीत क्रूमला मोजा घालते.
हातावेगळं म्हणतात ते हे नसावं.

आमच्याकडे होकाराला मान आडवी हलते,
नकाराला वर उचलतात.
परदेशातली एक शिकाऊ मुलगी आली होती वॉर्डात,
कागदावर लिहून गेली: रुग्ण सगळ्याला नाही म्हणतो.
भूक आहे? नाही. पत्नीला ओळखता? नाही.
जगावंसं वाटतं? नाही.
त्या महिन्यात मी पहिल्यांदा हसले.
हो म्हणत होता तो, बाई, हो.
फक्त शेवटच्या प्रश्नाचं मला माहीत नाही.
तेव्हा मी खाली औषधं आणत होते.

ऑक्टोबरात रडणं थांबलं.
शेजारीण म्हणाली, चला, सुधारला.
मी बाल्कनीत मिरच्या भाजल्या,
सोलून, लसूण चोळून पुढ्यात ठेवल्या.
वाट पाहून गार झाल्या.
‘रुसे, एकशे नव्वद, उणे चार.’
त्यानं मानही वळवली नाही.
क्रूमची चौकशी नाही, रेडिओ मोठा कर नाही.
भिंतीकडे तोंड. भिंतीवर काहीच नाही.

पहिला डॉक्टर म्हणाला, वय झालं की व्हायचंच.
माझंही तेवढंच वय आहे, म्हटलं, आणि उठले.

काल्चेवाबाईंनी खुर्ची जवळ ओढली.
म्हणाल्या, ते रडणं म्हणजे ब्रेक सुटलेली गाडी,
आत उतारू असेलच असं नाही.
दुःख हे आहे. हे न रडणारं.
यालाही औषध असतं.
चिठ्ठीवर गोळी लिहिली, बारीक अक्षरात. चार-सहा आठवडे लागतील.
आणि तुम्ही झोपता का, नेवेना?
मी मान वर उचलली.
त्या इथल्याच. त्यांना कळलं.

पहिला आठवडा काही नाही.
दुसरा काही नाही.
तिसऱ्यात अर्धी मिरची.
चौथ्यात मीच रडले, सिंकवर, नळ सोडून,
आणि माझ्या रडण्यात उतारू होता.

काल तीन वाजता आकडे वाचून झाले.
पाणी वाढलं होतं. मी रेडिओ बंद करायला हात पुढे केला.
मागून आवाज आला, गंजलेला, पण त्याचाच.
‘क्रूमला थंडी वाजत्ये.’
मी धावले. खरंच धावले, या गुडघ्यांनी,
खणातून दोन्ही जोड काढले.
कुठला घालू, निळा की राखाडी?
‘मला काय विचारतेस,’ तो म्हणाला,
‘त्याला विचार.’