झील

नगरपरिषदेच्या अर्जात एक रकाना होता:
मंडळाचा उद्देश.
बाकीचं सगळं भरलं मी,
नाव, पत्ता, स्थापनेचं साल अंदाजे,
सभासद नऊ, त्यातला एक कायम रातपाळीला.
उद्देशापाशी पेन अडला.

मी शाहीर नाही. ढोलकीही माझी नाही.
उमरेडच्या मंगळवारी पेठेत
हेडाऊंचे माग बंद पडले त्या खोलीत
मी मागच्या रांगेत कानावर हात ठेवून उभा असतो
आणि शाहिराचा शेवटचा शब्द उचलतो.
तो म्हणतो, सरली बाई रात.
मी म्हणतो, रात.
सव्वीस वर्षं झाली.
एकही ओळ माझ्यापासून सुरू झालेली नाही.

बायको विचारते, रोज जाऊन करता तरी काय तिथं?
शेवटचा शब्द म्हणतो.
जा मग, म्हणते, घरी तर तो माह्याच असते.

डोमाजी दिवाळीच्या आधी मिशी काढतो.
नात दोन दिवस त्याच्याजवळ जात नाही.
खदानीत फिटर. रिटायरीला दीड वर्ष.
उजव्या गुडघ्याला क्रेप बँडेज, खाली चाळ.
नेसताना भिंतीकडे तोंड करतो,
निऱ्या मोजतो, सात,
आणि वळतो तेव्हा आम्ही सगळे,
त्याचा सख्खा साळासुद्धा,
जरा सरकून बसतो,
बाईला जागा द्यावी तसे.

औंदा निखाऱ्यांची प्रतीक्षा दारात येऊन उभी राहिली,
नर्सिंगच्या कपड्यातच, बॅग खांद्याला.
मले शिकवा, आजोबा.
ढोलकीवर शाई घोटत सुकराम बोलला,
खडी गंमतीत बाया नाही नाचत बे.
डोमाजी म्हणाला,
एकतीस वर्सं बाई होऊन नाचलो मी.
पाहू दे आता बाई कशी नाचते.
चाळाची गाठ सुटेना.
दातानं सोडली.

भिवापूरच्या पुढं, भाऊबीजेनंतरची मंडई.
रात्रीचे दोन. चादरी, कानटोप्या,
अंधारात बिड्यांचे ठिपके.
आणि ओळीच्या मधोमध शाहिराचा गळा बसला.
गेलाच. हवा नुसती.
प्रतीक्षा एका पायावर, हात वर,
सुकरामची बोटं ढोलकीच्या चार बोटं वर,
शेवटचा शब्द तर आलाच नव्हता.
जो पडला होता, तो होता
आता.
मी तोच उचलला.
आ ताणला, अजून ताणला,
माझ्या आवाजात इतकी जागा असेल
हे मलाच माहीत नव्हतं.
ती त्या आवर फिरली. एकदा. परत एकदा.
ढोलकीनं तिला गाठलं.
तोवर कोणीतरी शाहिराला गरम पाणी दिलं होतं
आणि त्यानं माझ्या हातातून
आपली ओळ काढून घेतली.

कोणाच्या लक्षात आलं नाही.
डोमाजीच्या आलं. ट्रॅक्टरला टेकून उभा होता,
मिशीच्या जागी बोट फिरवत.
परतताना टेम्पोत एवढंच बोलला,
पोरगी डावीकडून जरा लवकर वळते.

दुसऱ्या दिवशी मी रकान्यात लिहिलं:
शब्द खाली पडू न देणे.

अर्ज परत आला. लाल शाईत शेरा:
उद्देश मोघम. दोन प्रतींत पुन्हा सादर करावा.

आज दोन्ही प्रती घेऊन तालमीला आलो.
दहिवरानं डफ ढिला पडलेला,
वाजवला तर थप्प, ओल्या पोत्यासारखा.
सुकरामनं हात पुढं केला, कागद हाय का रे जाळाले?
एक प्रत दिली.
उद्देशाच्या रकान्यापासून पेटली ती.
डफ तिच्यावर फिरत राहिला, कातडं हळूहळू
आपल्यात आलं,
आणि टण्ण झालं.

दुसरी खिशात आहे.
शाहीर खाकरला.
मी कानावर हात ठेवला.