पोचा

सलमाबादच्या गल्लीत सकाळी सातलाच पत्रा तापतो.
मी डेंटर. चौतीस वर्षं बहारीनमधे
दुसऱ्यांच्या चुका आतून ठोकून सपाट करतोय.
जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळीची गुंडाळी,
दुसऱ्यात फोन,
आणि लोकांच्या जुन्या फोटोंतल्या गाड्या ओळखतो.
पैसे घेत नाही. सवय आहे, कुणाला विडीची असते तशी.

अख्खी गाडी कुणीच पाठवत नाही.
येतो तो तुकडा:
हाराआडून डोकावणारी मडगार्डची कड,
कुणाच्या कोपराखालचं दाराचं हँडल,
निम्मी जाळी, वाळवीने खाऊन उरलेली.
पुरतं तेवढं.
प्यूजोचे मागचे पंख तिरके छाटलेले,
मर्सिडीजचे लाजत लाजत जेमतेम वर आलेले.
फोक्सवॅगनचा तर नुसता कान दाखवा.

काल हर्णैहून फरीदा सारंगचा फोटो आला.
अब्बा गेले. चाळीसव्याला फ्रेम लावायची आहे,
खाली गाडीचं नाव घालायचंय.
'इम्पाला' म्हणायचे ते. बरोबर आहे ना, तेवढं बघा.

फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत: मनामा, ऑगस्ट ७३.
ऑगस्टमधे अंगात कोट.
बाह्या मनगटाच्या चार बोटं वर.
गॉगल, आणि डिकीवर असा हात
जणू म्हशीच्या पाठीवर ठेवलाय.

मी दिवे मोजले.
इम्पालाला एका अंगाला तीन, ओळीने.
इथे दोन.
वाटलं, तिसरा मांडीआड असेल. नाही.
तिसऱ्याच्या जागी साधा रंगवलेला पत्रा.
म्हणजे बेल एअर. त्रेसष्टची, किंवा एखादं वर्ष अलीकडची.
त्याच घरातली, पण कमी दागिने घातलेली बहीण.

लिहायला घेतलं, तर दिव्याखाली पोचा दिसला.
अर्ध्या वाटीएवढा. रंग न तडकलेला.
गाडी हळू मागे घेताना गोल खांब लागला की असा पडतो,
माणूस खाली उतरून बघतसुद्धा नाही.
पोचे कधी सारखे नसतात.
हे मला कुणी शिकवलं नाही, हाताला माहीत आहे.

आणि हा माझ्या ओळखीचा होता.

गुहागरला आमच्या आरशाच्या चौकटीत खोचलेले भाऊ,
माझे वडील, डिकीला टेकून.
मी तेव्हा तीन वर्षांचा.
त्यांच्या गुडघ्याशेजारच्या त्या डागावर बोट ठेवायचो,
आई ओरडायची, फोटो मळवू नकोस.
पत्रात लिहिलेलं, गाडी घेतली आहे.
आई ते पत्र चार घरी वाचून आली होती.
कोट हाच. भाऊंना तो ढगळ होता.

मग मी चाकाची टोपी मोठी करून पाहिली.
क्रोमचा फुगीर तवा, त्यात वाकलेलं आभाळ,
कस्टमची भिंत, कॅमेरा धरलेला एक बुटका,
आणि त्याच्यामागे रांग.
पाच जण, की सहा. काडीएवढे.
पहिल्याचा हात डोक्याशी,
कंगवा असावा, पुढे सरकवायचा असलेला.
चौथ्याचा एक खांदा खाली उतरलेला.
गोदीत गोणी उचलणाऱ्या सगळ्यांचाच उतरतो.
मी नक्की सांगू शकत नाही.

युनूस हाक मारत होता, लेक्सस आली आहे, दार चेपलंय.
येतो म्हटलं.
इम्पाला लिहिलं. खोडलं.
बेल एअर लिहिलं. तेही खोडलं.
शेवटी पाठवलं: शेवरोले. यात शंका नाही.

थोड्या वेळाने, हात पुसून, आणखी एक ओळ:
फ्रेमवाल्याला सांगा, खालची कड कापू नको.
चाकात माणसं उभी आहेत.