पासंग

दिवसभर मी दुसऱ्यांची पोती मोजतो.
तुर्भ्याच्या दाणाबाजारात, मापाडी म्हणून.
तूर, मसूर, इंदूरचा हरभरा.
आकडा पुकारतो, चिठ्ठी फाडतो.
सतरा वर्षांत एकाही व्यापाऱ्यानं
माझ्या मापावर बोट ठेवलेलं नाही.

माझं स्वतःचं माप मात्र
वाशीच्या पालिकेच्या दवाखान्यात सिस्टरनं सांगितलं.
एकशे आठ.
तिनं मला उतरवून पुन्हा चढवलं,
शंका आली की मी पोतं चढवतो तसं.
एकशे आठच.
म्हटलं, माळेत मणीही तेवढेच असतात.
ती हसली नाही.

मग सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडी.
सोबतीचे हमाल डबे सोडायचे, पिठलं, खर्डा,
आणि मी, कधी विडी न ओढलेला माणूस,
ट्रकच्या सावलीत विडी ओढणाऱ्यांत जाऊन उभा राहायचो.
दोन किलो उतरलं.
शालन म्हणाली, चेहरा पण उतरलाय.

रात्री कोपरखैरण्याला,
जिथे एका भिंतीला दोन संसार टेकलेत
आणि शेजारचा खोकला कुणाचा ते ओळखू येतं,
तिथे आवाज न करता खायला कसब लागतं.
झाकण अंगठ्यानं दाबून धरायचं, मग सोडायचं.
पुडा ओल्या फडक्यात धरून फाडायचा.
अंधारात, ओट्याशी, उभ्यानं.
उरलेल्या तीन पोळ्या, गूळ, फरसाण,
ऋद्धीच्या डब्यासाठी आणलेली बिस्किटं,
मग कच्चे पोहे, मुठीमुठीनं.
ते घास नव्हते. भराई होती.
पोत्याचं तोंड धरावं आणि ओतत राहावं,
आणि काट्यापाशी कुणीच नसावं.

पहाटे नाक्यावरून तसाच पुडा आणून
त्याच जागी ठेवायचो.
पोरीला वाटायचं, आपल्या घरातला पुडा संपतच नाही.

गोष्टी पोटात ठेवाव्यात, आबा म्हणायचे.
ज्या वर्षी नवा काटा आला, आकडा स्वतःच दाखवणारा,
आणि मी त्याच्याशेजारी नुसता उभा राहायला लागलो,
तेही मी पोटातच ठेवलं.
वरून रोज झाकण.

एका रात्री ऋद्धीनं पुड्यावर
स्केचपेननं आपलं नाव लिहून ठेवलं होतं.
अंधारात नाव दिसत नाही.
सकाळच्या पुड्यावर नाव नव्हतं.
ती काही बोलली नाही.
संध्याकाळी ओट्यावर दोन पुडे होते.
एकावर ऋद्धी.
एकावर बाबा.

त्या आठवड्यात मी दवाखान्यात सगळं सांगितलं.
आहाराच्या वंजारीबाई ऐकत होत्या, लिहीत नव्हत्या.
म्हणाल्या, रात्रीच्या चोराला
दुपारी उपाशी कोण ठेवतं?
दुपारी जेवा.
आणि रात्री हात डब्याकडे गेलाच तर जाऊ दे,
पण दिवा लावा, ताट घ्या, बसा.
पाहुण्याला वाढता तसं वाढून घ्या.

पहिल्या रात्री ट्यूब लावली तेव्हा
चोरासारखा मीच दचकलो.
ताटात दोन बिस्किटं, थोडा गूळ.
शालन उठून बसली. काय झालं, म्हणाली.
म्हटलं, भूक लागलीय.
इतकं सोपं वाक्य,
तोंडातून निघायला किती वर्षं लागावीत.

अकराव्या रात्री पुन्हा सगळं झालं.
दिवा नाही, ताट नाही, पोह्यांचा डबा तळापर्यंत.
सकाळी वाटलं, आज पाण्यावर काढू, फेडून टाकू.
शालननं भाकरी बांधली होती.
दुपारी सोबत्यांत बसलो आणि खाल्ली.
माझ्या लेखी वजनापेक्षा ती दुपार जड होती.

जुन्या तराजूचं एक पारडं हलकं असायचं.
कुणी तराजू फेकत नसे.
त्या पारड्याला एक खडा बांधायचे, पासंग म्हणून.
दोष तसाच राहतो.
माप खरं येतं.

परवा सिस्टर म्हणाली, एकशे दोन.
उतरवून पुन्हा चढवलं नाही.
मीच म्हटलं, बाई, एकदा बघा परत.