माहितीपत्रकासाठी मजकूर

बाई म्हणाल्या, पिंगळे, एक पान लिहून द्या,
इतिहास आणि सुविधा. फार लांबण नको.

स्थापना त्र्याऐंशी साली, धायरी फाट्यापाशी,
मंगल कार्यालयाच्या माडीवर.
मुहूर्त असला की तास रद्द,
आणि एकोणीसच्या एकोणीस मुलं शेवटच्या पंगतीला.
खळदकर सर हिशेबशास्त्र शिकवत
नवरदेवाच्या खुर्चीत बसून.
दुसरी खुर्चीच नव्हती.

प्रयोगशाळा सुसज्ज.
म्हणजे पूर्वीचा मुदपाकखाना.
हवा कुंद असली की ओट्याच्या फटीतून
अजून मसालेभात दरवळतो,
आम्लाच्या बाटल्यांना न जुमानता.

ग्रंथालयात चार हजार दोनशे बारा पुस्तकं.
त्यातलं एक गेल्या वर्षी पोस्टानं परत आलं, सातारहून,
सत्तावीस वर्षांच्या दंडासकट, मनीऑर्डरनं.
पावती कुठल्या खात्यात फाडायची, कुणाला कळेना.

क्रीडांगण पाण्याच्या टाकीपर्यंत.
पलीकडे गेलेला चेंडू गेला.

चिंच होती फाटकाशी. तोडली,
त्या दिवशी सरांनी रजा टाकली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, घरगुती.

आणि एक्याण्णवच्या मार्चात आमचे पगार झाले
ते त्यांच्या स्कूटरचे.
पुढे सात वर्षं ते पीएमटीनं आले,
स्वारगेटला बदलून,
डबा मांडीवर, उत्तरपत्रिका डब्यावर.
हे इतिहासात घालू की सुविधांत?

शिपाई दोनदा येऊन गेला पानासाठी.
शेवटची ओळ लिहून टाकतो:
दुचाकींसाठी स्वतंत्र, प्रशस्त वाहनतळ.