सोमवार, गुरुवार

तारेवरून उडी मारलीस तेव्हा ससा पुढे होता.
ससा वाचला.
तुझ्या मागच्या पायाचं कातडं मात्र
पायमोज्यासारखं खाली उतरलं,
आणि हॅलिफॅक्सच्या त्या चढावर
तुला उचलून मी धावलो, साठीतला माणूस.
अठ्ठावीस किलो, हे नंतर कळलं.
इथे प्रत्येक औषध वजनावर ठरतं.

आता सोमवार आणि गुरुवार ड्रेसिंगचे.
आमच्या घरात हे वार उपासाचे होते.
भूल द्यायची असेल तर आदल्या रात्री नऊनंतर
याला काही खायला घालू नका, असं बजावतात.
म्हणजे उपास मोडला नाही,
करणारा बदलला.

केली नर्स विचारते, आज कुठला रंग?
जणू मी बांगड्या भरायला आलोय.
जांभळा, म्हणतो. मागच्या वेळी हिरवा होता.
आत, उघड्या मांसावर, मध लावतात.
मी सांगितलं, आमच्याकडे जन्मलेल्या बाळाला चाटवतात.
ती म्हणाली, यालाही चाटायचाच असतो,
म्हणून तर गळ्यात हे नरसाळं.

बाहेर ओलं असतंच, म्हणून
सलाइनची रिकामी पिशवी त्यांनी कापून दिली,
बुटासारखी घालायला.
आपण कालव्यापर्यंतही जात नाही हल्ली,
कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत,
तू तीन पायांवर आणि एका पिशवीवर,
चर्र चर्र.
पिशवीवर अजून छापलेलं आहे, मीठ किती ते.

गोळी पोळीच्या चतकोरात, तुपाचं बोट लावून.
तू पोळी खातोस, तूप चाटतोस,
आणि गोळी सतरंजीवर ठेवतोस, हलकेच,
शेजाऱ्यांची वाटी परत करावी तशी.

शुभदा म्हणाली होती, घरात कुत्रं नको.
मग म्हणाली, आणलंच आहेस तर खालीच राहू दे.
मग म्हणाली, दिवसभर वॉर्डात माणसांच्या जखमा बघते,
घरी आणखी एक नको.
हे सगळं वाजवी आहे.
विम्याची मर्यादा संपत आली, हे तिनेच शोधलं,
तेही वाजवी.
पाय काढणं हाही पर्याय आहे,
असं डॉक्टर अ‍ॅक्रॉइड म्हणाली, पंचविशीची पोर,
तीन पायांवर मजेत जगतात हो.
ते मी घरी सांगितलं नाही.

काल रात्री शुभदा उशिरा आली.
मी सोफ्यावर, तू खाली,
तुझं नरसाळं माझ्या चपलेवर.
झोपेत वाटलं, बूट काढतेय.
डोळे उघडले तर ती गुडघ्यांवर,
कोटाखाली युनिफॉर्म, छातीवर उलटं लटकणारं घड्याळ,
आणि नाक तुझ्या जांभळ्या पट्टीला टेकलेलं.
हुंगलं. पुन्हा हुंगलं.
जिने तुला दोन वर्षांत बोट लावलं नव्हतं.
"गुरुवारची वाट बघू नकोस," म्हणाली. "गाडी काढ."

रात्रीच्या दवाखान्यात माशांची टाकी होती,
आणि बुटांच्या खोक्यात गिनीपिग घेऊन बसलेला
एक मुलगा, पायजम्यात.
इथे हाक जनावराच्या नावाने देतात,
पुढे घराचं आडनाव.
"मॉस कॅम्बेटी?"
एकतीस वर्षं या गावात राहतोय.
शाळेच्या हजेरीत, दातांच्या डॉक्टरकडे,
आमच्या आडनावाआधी कुणाचं धाकटं नाव
कधी कुणी उच्चारलं नव्हतं.
मी चावी शोधत होतो, चष्मा, कार्ड.
शुभदा आधी उठली.
"खांबेटे," ती म्हणाली. "खां. बे. टे."
आणि नरसाळं दाराला आपटू नये म्हणून
हाताने जरा तिरकं करत
तुला आत घेऊन गेली.

आज पट्टी पिवळी आहे. रंग मी निवडलेला नाही.
पू निघाला. अजून दोन बोटं जखम उघडी आहे म्हणे.
उद्या गुरुवार.
तरीही या, असं सांगितलंय.