चौथ्या मजल्यापर्यंत

परळच्या लॅबमध्ये मी नळ्यांना चिकटपट्ट्या लावायचे.
सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते रात्री नऊ
रक्त, लघवी, थुंकी;
प्रत्येकावर नाव, वय, बारकोड.
नाव चुकलं तर एका नावाला दोनशे कापणार,
हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

ठरले होते अठरा हजार.
खात्यात आले सोळा हजार दोनशे.
म्हणजे नऊ नावं चुकली, मी हिशेब केला,
आणि लाजेनं कुणाला विचारलं नाही.
दुसऱ्या महिन्यात प्रत्येक पट्टी दोनदा वाचली.
तरी सोळा हजार दोनशे.

तिसऱ्या महिन्यात अकाउंट्सच्या बाई हसल्या.
अगं वेडे, टीडीएस तो. दहा टक्के.
कागदोपत्री तू नोकर नाहीस,
व्यावसायिक सल्लागार आहेस.
घरी येऊन आईला सांगितलं, मी सल्लागार आहे.
मग दे सल्ला, ती म्हणाली,
कुकरची शिट्टी का होत नाही?

बाबा फोर्टात लिफ्टमन.
जाळीचं दार, पितळी दांडा, बुटकं स्टूल.
त्या इमारतीत सीएंची सात ऑफिसं.
बावीस वर्षं त्यांना वर नेलंय, खाली आणलंय,
रिटर्नच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत थांबलेत,
पण बोलणं 'कितवा?'च्या पुढे
कधी गेलं नाही.

माझा फॉर्म सोळा-ए चार घड्या करून
ते खिशात घालून निघाले.
चौथ्यावर हुजैफा म्हणून पोरगा, आर्टिकलशिप करणारा,
माझ्याहून दोनेक वर्षांनीच मोठा.
तळमजला ते चौथा, एकोणतीस सेकंद.
म्हणून प्रश्न हप्त्यांनी.

सोमवारी, चढताना: पोरीचे कापलेले परत मिळतात?
मिळतात, काका. आणि चौथा आला.
सोमवारी, उतरताना: कसे?
रिटर्न भरा. जुलै संपायच्या आत.
मंगळवारी: पण एवढ्याशा कमाईवर कर बसतो का?
बसत नाही, म्हणूनच तर परत.
बुधवारी लिफ्ट बंद.
गुरुवारी हुजैफा जिन्याकडे वळला होता;
बाबांना बघून मागे आला,
आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे म्हणाला,
काका, जरा हळू चालवा की.
ती लिफ्ट हळू चालत नाही. वेगातही नाही.

रात्री बाबा मला एकेक मजला सांगायचे,
मी मोबाइलवर रकाने भरायचे.

ऑगस्टात परतावा निघाला
आणि दारावरून माघारी गेला.
पॅनकार्डावर घाडीगावकरमध्ये 'ओ',
बँकेत 'व्ही'.
दिवसाला तीनशे नावं चिकटवणारी मी,
माझीच चिकटपट्टी चुकलेली.
शाळेच्या स्कॉलरशिपसाठी बाबांनी खातं उघडलं तेव्हा
फॉर्मवर त्यांनी आडनाव
आपण बोलतो तसं लिहिलं होतं.
त्या रात्री ते जेवताना काही बोलले नाहीत.
मी म्हटलं, बोलतो तसंच बरोबर आहे, बाबा.
पण बँकेत तीन चकरा झाल्याच.

सात महिन्यांचे बारा हजार सहाशे कापले होते.
ऑक्टोबरात आले तेरा हजार चाळीस.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांशी धरला.
वरचे चारशे चाळीस कसले?
व्याज.
कुणी दिलं?
सरकारनं.
आपल्याला?
पतपेढीला, सोनाराला, आत्याच्या दिरालासुद्धा
या घरातून व्याज गेलंय.
आत येताना कुणी पाहिलं नव्हतं.
आई म्हणाली, आता कुकर.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पावशेर पेढे घेतले.
दुपारी अडीचला लिफ्ट रिकामी होती.
दांडा ओढला, चौथ्यावर थांबवली, जाळी उघडली
आणि बाहेर पाऊल टाकलं.
फरशी हिरवी आहे, रात्री सांगत होते,
मला कायम वाटायचं, काळी असेल.
हुजैफा पेढा तोंडात टाकून फायली दाखवत राहिला,
हे बघा काका, ही सगळी तुमच्या पोरीसारखी.
खाली कुणीतरी घंटा वाजवत होतं.
पुन्हा वाजवली. मग लांबलचक.
बाबा म्हणाले, वाजू दे,
आणि दुसरी फाईल उघडायला सांगितली.