जिभेखाली

रात्री अडीचला सावद्याहून निघालो,
पुढे मी, मध्ये सुभान तडवी, मागून त्याला धरून हुसना.
तापीच्या पुलावर दोनदा थांबावं लागलं,
कठड्याला धरून तो ओकला.
मे महिना, वारा भट्टीच्या तोंडचा,
आणि त्याच्या दंडावर सरसरून काटा.
म्हणाला, गोधडी दे नं भो.

भुसावळला दवाखान्याच्या खिडकीतून
केसपेपरवाल्यानं विचारलं, नाव, वय, गाव.
सोबत कोण? नातं?
मी म्हटलं, शेजारी.
त्यानं लिहून टाकलं. इतकं सोपं होतं.

डॉक्टर वळवी नंदुरबारकडच्या, पायात साध्या चपला.
बॅटरी मारली तरी डोळ्यांतल्या बाहुल्या
मिटायचं नाव घेईनात.
नाक गळतंय, डोळे गळताहेत,
एक जांभई संपायच्या आत दुसरी,
आणि पाय खाटेवर आपटताहेत,
केळीचे ट्रकच्या ट्रक भरणारे पाय.

काय घेतो? रोज किती? शेवटची कधी?
सुभानची दातखीळ बसलेली.
हुसनानं पदर तोंडात धरलेला.
मी सांगितलं:
सोळा कॅप्सूल.
सकाळी सहा, दुपारी चार, वखार सुटली की सहा.
पाठीसाठी म्हणून सुरू केल्या, दोन वर्षं झाली.
शेवटच्या चार काल दुपारी दीडला.
माझ्यासमोर.

पेन थांबलं.
"बरंच माहीत असतं तुमच्याकडे शेजाऱ्याला,"
एवढंच म्हणाल्या
आणि पुढचा रकाना भरू लागल्या.

कागदावर अकरा प्रश्न, प्रत्येकाला गुण.
नाडी, घाम, काटा, हाडं, पोट.
बेरीज नऊ.
"अजून नाही. गोळी आहे माझ्याकडे,
पण आधीचं अंगातून उतरू दे.
आत्ता दिली तर भडका उडेल."
सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं.
मग थांबायचं.

थांबायचं म्हणजे काय, मला ठाऊक नाही.
माझ्या काउंटरवर कुणी दोन मिनिटंसुद्धा ताटकळलं नाही.
नोट आली की पट्टी गेली,
वर्तमानपत्रात गुंडाळून,
बिल नाही, बोलणं नाही.
काल तपासणी येणार असं कळलं.
संध्याकाळी सुभान दारात आला तेव्हा
मी म्हटलं, माल नाही.
शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग,
कुठल्याच साबणाला न भिणारे.
तो म्हणाला, बरं, उद्या येतो.

"हाडात मुंग्या भरल्या रे भो,
एकच दे नं, एकच."
हे तो डॉक्टरांना म्हणत नव्हता.

पावणेपाचला बेरीज चौदा.
इवलीशी गोळी.
पट्टीतून निघताना टच् असा आवाज,
तोच. जगातल्या सगळ्या पट्ट्यांचा तोच.
"जिभेखाली ठेव. गिळायची नाही.
विरघळेपर्यंत बोलायचंही नाही."

रात्रभर मायला, अल्लाला, मला
हाका मारणारा सुभान गप्प झाला.
आम्ही तिघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.
माझ्याही जिभेखाली काहीतरी होतं.
दहा मिनिटं झाली, पंधरा झाली,
ते तसंच.

पाय कधी थांबले कळलं नाही.
तासाभरानं अजून एक दिली.
उजाडता उजाडता तो झोपला,
तोंड उघडं,
एका पायाचा अंगठा तेवढा हलत होता.

"रोज आणावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या,
"गोळी इथंच, आमच्यासमोर.
महिने लागतील. कोण आणणार?"
हुसनानं माझ्याकडे पाहिलं नाही.
मी खिशातली गाडीची किल्ली चाचपली,
आणि म्हटलं, बघू.
बघू म्हटलं मी.

नऊला सावद्यात पोचलो, शटर अर्धं उचललं.
ट्रक भरणाऱ्या टोळीतला एक पोरगा
सावलीत उभाच होता,
शर्ट अजून बऱ्यापैकी पांढरा.
काही बोलला नाही.
दोन बोटं वर केली.

शटर माझ्या हातात होतं,
ना वर, ना खाली.